आधी वाट कोणाला?

घोडा आणि सायकल ही दोन्ही माणसाची वाहने. परंतु त्यांचे स्वभाव किती भिन्न! एक जिवंत, दुसरे निर्जीव. एकाला दाणावैरण लागते, खरारा लागतो, थोडी मायाही लागते. दुसऱ्याचे चार थेंब तेलावर भागते. घोडा स्वाराच्या मांडीचा किंचित दाब ओळखतो आणि स्वाराच्या मनातील भीतीही ओळखतो. सायकल यांपैकी काहीच ओळखत नाही; वळवाल तिकडे ती मुकाट्याने वळते. मोटारींनी व्यापलेल्या हमरस्त्यावर या दोघांनाही आता फारशी जागा उरलेली नाही. म्हणून मोठमोठ्या शहरांतील हौशी लोक आपला घोडा किंवा सायकल घेऊन शहरालगतच्या विस्तीर्ण उद्यानात अथवा डोंगरावर जातात. तेथे धूर नसतो, कर्णे नसतात. परंतु तेथे एक निराळाच प्रश्न उभा राहतो. वाट एक आणि तीवरून जाणारे दोघे. मग वाट कोणी कोणाला द्यावी?

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. वस्तुतः अमेरिकेत त्यावरून गेली चाळीस वर्षे सभा गाजल्या आहेत, अर्जविनंत्या झाल्या आहेत आणि खटलेही लढवले गेले आहेत. हे भांडण जेथे प्रथम पेटले तो डोंगर सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस आहे. गोल्डन गेटचा प्रसिद्ध पूल ओलांडला की मरिन नावाचा परगणा लागतो. तेथे टॅमलपायस हा डोंगर उभा आहे. त्याची उंची सुमारे ७८४ मीटर, म्हणजे जवळजवळ माथेरानएवढीच. गर्द झाडी, समुद्रावरून येणारे धुके आणि रानातून फिरणाऱ्या मातीच्या वाटा यांमुळे शहरातील माणसांना या डोंगराची ओढ फार.

१९७० नंतरच्या दशकात या परगण्यातील काही तरुणांना एक विलक्षण छंद जडला. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, रुंद टायरांच्या, जडशीळ सायकली त्यांनी अडगळीतून शोधून काढल्या आणि त्या डोंगरावर नेऊन उतारावरून सोडण्यास प्रारंभ केला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. अंतर साडेतीन किलोमीटरांच्या आतबाहेर आणि तेवढ्यात उतार सुमारे चारशे मीटरांचा! या जुन्या सायकलींचा ब्रेक पायडल उलटे दाबून लावावा लागे. एवढा उतार उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की आतील वंगण जळून त्याचा धूर निघे. खाली पोहोचल्यावर चाक उघडून नवे वंगण भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले. याच मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ मध्ये मुद्दाम डोंगरासाठी म्हणून नवी सायकल घडवली. गॅरी फिशर व चार्ली केली यांनी १९७९ मध्ये अशा सायकली विकण्याचा व्यवसाय आरंभला. आज गिअरची, जाड टायरांची जी सायकल आपल्याकडील गावोगावच्या दुकानांतही दिसते, तिचे मूळ या खटाटोपात आहे. अडगळीतील वस्तूंतून साऱ्या जगाला नवे वाहन देणाऱ्या या तरुणांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

परंतु डोंगर काही मोकळा पडलेला नव्हता. तेथे पायी फिरणारे होते, तसेच घोड्यावरून रपेट करणारेही होते. त्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. वळणावरून अकस्मात सायकल येते, घोडा बुजतो, स्वार खाली पडतो, असे ते सांगू लागले. तेव्हा डोंगराची व्यवस्था पाहणाऱ्यांनी अरुंद पायवाटा बहुतेक ठिकाणी सायकलींना बंद केल्या. वणव्याच्या वेळी बंब नेता यावेत म्हणून काढलेले रुंद कच्चे रस्ते तेवढे त्यांच्यासाठी खुले ठेवले आणि त्यांवरही ताशी चोवीस किलोमीटरांची मर्यादा घातली. जेथे पलीकडचे दिसत नाही अशा वळणावर तर अवघी आठ. वेग मोजण्याचे यंत्र हाती घेतलेले वनरक्षक झाडीत उभे राहू लागले! सायकलस्वार संतापले. पुढे त्यांतील काहींनी न्यायालयात दाद मागितली. परंतु तेथील राष्ट्रीय उद्यानखात्याला आपल्या ताब्यातील वाटा सायकलींना बंद ठेवण्याचा अधिकार आहे, असा निकाल १९९६ मध्ये लागला.

या वादात घोडेस्वारांची भीती खरी की खोटी, हे आधी पाहिले पाहिजे. त्यासाठी घोड्याची प्रकृती समजून घ्यावी लागते. घोडा हा कितीही बलदंड असला, तरी मूळचा माळरानावरचा, गवतावर जगणारा आणि हिंस्र श्वापदांचे भक्ष्य होणारा प्राणी. शिंगे नाहीत. पळणे हेच त्याचे मुख्य संरक्षण. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवताही त्याला जवळजवळ चोहीकडचे दिसते. केवळ नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा एवढीच त्याच्या दृष्टीआड राहते. कान तर सदैव हलत असतात. झुडपात काही सळसळले, की ते काय आहे याचा विचार तो मागाहून करतो, आधी पळतो. हजारो पिढ्या जो आधी विचार करीत राहिला, तो घोडा वाचलाच नसेल.

आता सायकल कशी येते ते पाहा. ती आवाज न करता येते. ती वेगाने येते. पुष्कळदा मागून येते, आणि उतारावर असेल तर वरून येते. वाकून बसलेला स्वार, डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा. त्यात ओळखीचा माणूस घोड्याला दिसत नाही. वाघ-लांडगे नेमके असेच येतात! सायकलस्वाराच्या मनात काही वाईट नसते. पण घोड्याला मन वाचता येत नाही, त्याला आकार आणि वेग एवढेच कळते. मग चारशे-पाचशे किलोंचे ते धूड एका क्षणात आडवे उडी मारते किंवा चौखूर उधळते. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असेल, तर घोडा, घोडेस्वार आणि सायकलस्वार तिघांच्याही प्राणाशी गाठ असते. तेव्हा घोडेस्वारांची भीती ही केवळ कुरकुर नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु एवढ्यावरून सायकलस्वाराला हाकलून द्यावे, हे न्यायाचे होत नाही. पुष्कळ सायकलस्वार तरुण असतात, कित्येक शाळकरी मुले असतात. घोडा बाळगणे हे श्रीमंताचे काम. सायकल साध्या माणसालाही परवडते. शहरातील ज्या मुलाला रान पाहावयाचे आहे, त्याला सायकल हेच साधन. आणि सायकलींमुळे वाटा खराब होतात हा जो आक्षेप घेतला जातो, तो घोडेस्वारांनी तरी जपून घ्यावा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोंटाना राज्यातील एका अभ्यासात डोंगरवाटांवरील माती सर्वांत अधिक सैल होते ती घोड्यांच्या टापांनी, असे आढळून आले होते. चाकांचा क्रम पुष्कळ खाली होता.

'आम्ही येथे आधी आलो' असे घोडेस्वार म्हणतात. हे म्हणणे ऐकावयास ठीक. पण सार्वजनिक जागेत आधी येण्याने मालकी मिळत नाही. लंडनजवळ रिचमंड पार्क म्हणून साडेनऊशे हेक्टरांचे उद्यान आहे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने १६३७ मध्ये शिकारीसाठी त्याला भिंत घातली. तरी लोकांची जुनी पायवाट चालू राहिली होती. पुढे राजकन्या अमेलिया हिच्याकडे उद्यानाचा कारभार आला आणि तिने सामान्य लोकांचे येणेजाणे बंद केले. तेव्हा त्या गावच्या जॉन लुईस नावाच्या मद्य गाळणाऱ्या व्यावसायिकाने दावा लावला आणि १७५८ मध्ये तो जिंकला! भिंतीत दार हवे की भिंतीवरून शिडी, असे न्यायाधीशांनी विचारले असता त्याने शिडी मागितली, असे सांगतात. कारण दाराला कुलूप लावता येते. राजकन्येच्या घोड्यांपुढे पायी चालणाऱ्याचा हक्क ज्या न्यायाने टिकला, त्याच न्यायाने आजच्या सायकलस्वारालाही अगदीच बाहेर ठेवता येणार नाही.

निरनिराळ्या शहरांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्क हे चार हजार एकरांहून मोठे उद्यान. ग्रिफिथ नावाच्या धनिकाने १८९६ मध्ये शहराला दिलेल्या जमिनीतून ते उभे राहिले. तेथील मातीच्या वाटा घोडेस्वारांना आणि पायी चालणाऱ्यांना खुल्या आहेत; सायकलींना मज्जाव आहे. रिचमंड पार्कमध्ये सायकलींची वाट निराळी आणि घोड्यांची निराळी. हा दुसरा उपाय पुष्कळांना पसंत पडतो, कारण त्यात भांडणच उरत नाही. परंतु वाटा दुप्पट करावयाच्या म्हणजे झाडे तोडावयाची, डोंगर दोनदा कोरावयाचा. शहराजवळच्या रानात एवढी जागा असते कोठे? शिवाय यात आणखी एक धोका आहे, आणि तो सहसा कोणी ध्यानात घेत नाही. जो घोडा सायकल कधी पाहतच नाही, तो एखाद्या दिवशी ती अवचित पाहिल्यावर अधिकच बुजतो. जुन्या काळी लढाईचा घोडा तोफेच्या आवाजाने बुजत नसे. तो धीर काही त्याने आईच्या पोटातून आणलेला नव्हता, त्याला तो हळूहळू शिकवलेला असे. जी गोष्ट तोफेची, तीच सायकलीची. घोडा व सायकल यांची जन्मभर गाठच पडू न देणे यापेक्षा ती सावकाश आणि सभ्यपणे पडू देणे अधिक शहाणपणाचे आहे.

याबाबतीत इंग्लंडमध्ये १९६८ मध्ये झालेला ग्रामीण भागाविषयीचा कायदा विचार करण्याजोगा आहे. तोवर घोड्यांसाठी राखलेल्या वाटांवर सायकल नेण्याचा हक्क लोकांना नव्हता. या कायद्याने तो दिला; परंतु त्याच कलमात अशी अट घातली, की सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट दिली पाहिजे. डोंगरी सायकलींचा जन्म व्हावयाचा होता, तेव्हाची ही गोष्ट! हक्क एका कायद्यात आणि कर्तव्य दुसऱ्या कायद्यात, असे कायदा करणाऱ्यांनी केले नाही. दोन्ही एकाच दमात सांगितली. पुढे १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील सायकलमंडळांनी एकत्र येऊन जी संस्था स्थापन केली, तिच्या नियमांतही वाट देण्याचा आणि जनावराला न भिवविण्याचा नियम आहे. अमेरिकेतील पुष्कळ वाटांच्या तोंडाशी एक त्रिकोणी फलक दिसतो. त्याच्या तीन कोपऱ्यांत घोडेस्वार, पादचारी आणि सायकलस्वार यांची चित्रे असतात. बाणांचा अर्थ असा, की सायकलस्वाराने दोघांनाही वाट द्यावी आणि पादचाऱ्याने घोड्याला द्यावी.

घोडेस्वार कोणी मोठा मनुष्य आहे म्हणून त्याला हा मान, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ज्याला चटकन थांबता येते, त्याने थांबावे, इतकीच ही साधी गोष्ट आहे. सायकलीचा ब्रेक स्वाराच्या बोटांत असतो. बुजलेल्या घोड्याचा ब्रेक कोणाच्याच हाती नसतो, लगाम हातात असला तरीही.

थांबावयाचे कसे, यातही थोडी कला आहे. घोडा समोरून येत असेल, तर सायकलस्वाराने लांबूनच वेग कमी करावा, खाली उतरावे आणि शक्य तर वाटेच्या उताराकडील बाजूस उभे राहावे. कारण वरच्या बाजूस उभी असलेली आकृती घोड्याला झेप घेणाऱ्या श्वापदासारखी भासते. झुडपाआड लपून 'मी वाटेतून दूर झालो' असे मात्र समजू नये, त्याने घोडा अधिकच बिचकतो. घोडा पुढे चालला असेल, तर मागून बऱ्याच अंतरावरून हाक द्यावी. घंटी वाजवली तरी चालते. पण माणसाचा आवाज सर्वांत उत्तम. "नमस्कार, मागून सायकल येत आहे; जाऊ का?" एवढे शब्द पुरतात. ते शब्द घोडेस्वारासाठी जितके, तितकेच घोड्यासाठीही असतात. बोलणारी वस्तू म्हणजे माणूस, हे घोड्याला पक्के ठाऊक असते. आवाज ऐकताच त्याचे ताठ झालेले कान सैल पडतात. मरिन परगण्यात तर 'वेग कमी करा आणि नमस्कार म्हणा' अशा अर्थाची मोहीमच चालवली गेली आहे. इतक्या वर्षांच्या वादानंतर जो उपाय निघाला, तो घराघरांतून लहान मुलांना शिकवला जाणारा निघावा, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

घोडेस्वाराची जबाबदारी याने संपत नाही. नुकता हाती आलेला, सहज बुजणारा घोडा सुटीच्या दिवशी गर्दीच्या वाटेवर आणणे हा दुसऱ्यांवर अन्याय आहे. पाऊस पडून वाट चिखलाची झाली असता तीवर घोडा घालू नये. टापांचे खड्डे उन्हाने कडक होतात आणि पुढे चालणाऱ्याचे पाय मुरगळतात. वाटेत पडलेली लीद बाजूला सारण्यास खाली उतरावे लागले, तर कमीपणा मानू नये. आणि सायकलस्वार थांबला असता त्याला दोन गोड शब्द बोलून पुढे जावे. जो एकदा थांबला आणि ज्याला कोणी आभारही मानले नाहीत, तो दुसऱ्यांदा कशाला थांबेल?

तरीही काही वाटा अशा असतात, की तेथे सौजन्य पुरे पडत नाही. जेथे वाट हातभर रुंद आहे, वळणापलीकडचे दिसत नाही आणि शेजारी दरी आहे, तेथे दोघांपैकी एकालाच जाऊ द्यावे हे बरे. काही ठिकाणी सायकलींना एकाच दिशेने, म्हणजे फक्त चढावर जाऊ देता येईल. चढावर सायकल आपोआपच सावकाश चालते. काही ठिकाणी वार वाटून देता येतील. मात्र अशा वाटा मोजक्या असतात. त्यांच्या नावाखाली बहुतेक साऱ्या अरुंद पायवाटा एकाला बंद करावयाच्या, हे टॅमलपायसवर पुष्कळ वर्षे घडले आणि परिणामी बंद वाटांवरून चोरून सायकली हाकणारेही निर्माण झाले. चोरून जाणारा तर थांबतही नाही आणि नमस्कारही म्हणत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही अगदी परका राहिलेला नाही. माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या घोडे आणि माणसांनी ओढावयाच्या हातरिक्षा यांवरच तेथील वाहतूक चालत आली. २०२२ च्या डिसेंबरात तेथे प्रायोगिक स्वरूपात ई-रिक्षा सुरू झाल्या. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा थांबावी हे सर्वथा इष्टच होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. परंतु रस्त्याचे काय? तांबड्या मातीची धूप थांबावी आणि चाके नीट चालावीत म्हणून रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवले जाऊ लागले, तेव्हा त्यांवरून टापा घसरतात, अशी तक्रार घोडेवाल्यांनी केली. त्याच निकालात न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक मान्य केले आणि आतील वाटांवर ते नकोत असे सांगितले. चाकाला कठीण रस्ता हवा आणि खुराला मऊ माती हवी, हे ओळखून केलेली ही वाटणी योग्यच म्हणावी लागेल.

पण ज्या एका रस्त्यावर दोघांनाही जावयाचे आहे, तेथला प्रश्न पेव्हर ब्लॉकने सुटत नाही. ई-रिक्षाही सायकलीप्रमाणेच जवळजवळ आवाज न करता येते, आणि तेथील घोड्यावर पुष्कळदा आयुष्यात पहिल्यांदाच खोगिरावर बसलेले एखादे लहान मूल असते. घोड्याच्या मागून येताना रिक्षा किती अंतरावर थांबवावी, हाक केव्हा द्यावी, घोडेवाल्याने हात केल्याखेरीज पुढे का जाऊ नये, हे ई-रिक्षा चालवणाऱ्याला रिक्षा हाती देण्याच्या दिवशीच, प्रत्यक्ष घोडा समोर उभा करून, घोडेवाल्यांकडूनच शिकवण्याची व्यवस्था तेथील नगरपरिषदेने करावी. त्याला एका सकाळीपेक्षा अधिक वेळ लागणार नाही.